उन्हाच्या रानातली येळवस

माळावरल्या रे सूर्या, बस घडीभर पाटावरी
तुला वाढते आंबील, माज्या काळ्या रानावरी

आवाज भावजयीचा, जगदेवीचा. पंचेचाळीस वर्षं झाली त्याला, आणि ती जाऊनही अकरा. पण येळवस, मार्गशीर्षातली रानपूजेची अमावस्या, उजाडली की नीलम्माच्या कानात तो अजून तसाच उतरतो, गाडीवाटेच्या धुळीसकट. डोक्यावर भज्जीची पाटी, कडेवर वर्षाचा श्रीशैल, आणि चालता चालता मनानंच रचलेली ओवी. पांढऱ्या कपाळानं माहेरी परतलेली नीलम्मा त्या साली उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती. जगदेवी दारात येऊन एवढंच म्हणाली होती, "वन्सं, आंबिलीची बिंदगी तुमीच घ्या बाई. माज्या डोक्यावर आता जागा न्हाय."

तेव्हापासून ह्या घराच्या आंबिलीची घागर नीलम्माच्या डोक्यावर.

आजही होती. मागं श्रीशैलची बायको गायत्री, तिच्या डोक्यावर पाटी, पाटीवर घडी घातलेली घोंगडी. आत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि वाटाणा, तूर, हरभरा, भुईमूग सगळं एका पातेल्यात रटरटवलेली भज्जी. वाट तीच होती. फक्त डाव्या हाताला जिथं कुसळं आणि दगड होते, तिथं आता तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाआड निळंभोर काहीतरी पसरलं होतं, नजर पोचेल तिथवर. गावाचा दोनशे एकर माळ. त्यातला चाळीस एकर ह्यांचा.

"आत्याबाई, बघा की," गायत्री म्हणाली, "तळं भरल्यावानी दिसतंय."

"तळ्यात पाखरं उतरत्यात. ह्यात कोण उतरतंय?" नीलम्मा म्हणाली खरी, पण पाय रेंगाळलेच. सकाळचं ऊन एकेका काचेवरून असं सरकत होतं, जसं कुणी ओळीनं दिवे लावत चाललंय.

कुंपणाच्या फाटकातून पिवळं हेल्मेट घातलेली एक पोर धावत आली.

"आत्याआज्जी! शेवटचा ब्लॉक लागला! पहाटंच लागला!" श्रीशैल-गायत्रीची शिवरंजनी. तुळजापूरला इंजिनिअरिंग करून ह्याच प्लांटात लागलेली. जाकिटावर चकाकत्या पट्ट्या, बुटांवर माळाची पांढरी माती. "आठ दिवस आपण थोडा थोडा सोडत होतो ना करंट? आज पहिल्यांदा सगळा प्लांट एकदम. साडेबाराला ऊन डोक्यावर आलं की पुरे पन्नास मेगावॉट जातेत का न्हाय, बघायचं."

"आन् गेले तर?"

"गेले तर…" तिनं नीलम्माच्या डोक्यावरची बिंदगी सावरली आणि तिच्या गालाला गाल लावला. "गेले तर मी नाचणार."

"हेल्मेट घालून नाच. पडशील."

---

विहिरीचं रान कुंपणाला लागूनच होतं. आठ एकर, काळंशार. शाळू पोटऱ्यातून बाहेर पडलेला, बांधाला करडई, मधे हरभऱ्याचा पट्टा. घरातल्या सगळ्या येळवशी ह्याच रानात झाल्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या टेकवून श्रीशैलनं सकाळीच कोप घातली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडले होते.

कोपीपुढं नीलम्माचे भाऊ रेवणसिद्धआप्पा बसले होते, चौऱ्याहत्तरीचे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, डोक्याला नवा पटका. दोन वर्षांपूर्वी माळ भाड्यानं द्यायचा विषय श्रीशैलनं काढला तेव्हा सहा महिने त्यांनी थोरल्या लेकाशी बोलणं टाकलं होतं. सही केली तीही तोंड फिरवून. आणि आता? रोज सकाळी काठी टेकत कुंपणापाशी यायचे. खांब ठोकताना खांब मोजले, काचा चढवताना काचा मोजल्या. गावात कुणी प्लांटाला नाव ठेवलं तर भांडायला उठायचे.

"रुद्रेश, तुजा अंदाज सांग," ते धाकट्या लेकाला म्हणाले.

रुद्रेश उमरग्याला मास्तर. "मी म्हणतो अठ्ठेचाळीस."

"शाळेत नापास करशील लेकरांना. एकोणपन्नास! आज आभाळाला एक डाग न्हाय. बघ." आप्पांनी तळहात उन्हाकडं धरला, भाकरीच्या तव्याची धग बघावी तसा. "श्रीशैल, तू?"

श्रीशैल कोपीची पेंढी आवळत होता. "तुमी म्हणताल ते."

"ह्याचं कायम असंच. बोलाया पैसं पडतेत ह्याला."

रुद्रेश हसला. त्याला आज घाई होती आणि ती लपत नव्हती. प्लांटाचा दुसरा टप्पा ह्याच बाजूनं वाढणार होता आणि त्याच्या नकाशात विहिरीचं रान होतं. प्लांटाचे मॅनेजर मुजफ्फरसाहेब आज जेवायला येणार होते, आणि जेवण झाल्यावर आप्पांचा जबाब घेऊन जाणार होते. हो किंवा न्हाय.

"आप्पा, मी पुन्हा सांगतो, देऊन टाका," रुद्रेश म्हणाला. "मी शाळेत. दादाची कंबर गेलेली. रंजू हेल्मेटात. नांगर कोण धरणार?"

"आन् येळवस कुठं करायची?" नीलम्मानं बिंदगी खाली ठेवली. "तुज्या शाळेच्या पटांगणात?"

"एका दिवसासाठी आठ एकर ठेवायचं का आत्या?"

"ठेवायचं. वर्षातून एक दीस तरी मानसानं आपल्या मातीत बसून खावं."

आप्पा दोघांकडं बघत राहिले. हो म्हणायचं त्यांच्या जिभेवर होतं, हे नीलम्माला दिसत होतं. भाऊ सत्तर वर्षं वाचलेला होता तिनं. आप्पांना ह्या निळ्या पिकाचा लळा लागला होता, आणि लळा लागला की ते हात आखडत नसत.

---

बाराला दहा कमी असताना मुजफ्फरसाहेब आले. नळदुर्गचे, चार महिन्यांपूर्वी इथं बदलून आलेले.

"सलाम आप्पा. डबा आणलाय बरं का मी. अम्मीचा हुकूम हाय, भज्जी घेतल्याबिगर घरी येऊ नको."

"या या साहेब. डबा कशाला, पातेलंच न्या." आप्पांनी सरकून जागा केली. "आदी आकडा. मग जेवन."

शिवरंजनीनं फोनवर प्लांटाचा पडदा उघडला. हिरव्या चौकटी, प्रत्येकीत एक आकडा, आणि सगळ्यांच्या वर एकच मोठा. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. गायत्री पिठाचे हात पदराला पुसत आली.

"पंचेचाळीस पॉइंट दोन," शिवरंजनी म्हणाली.

"चढतंय का?"

"चढतंय आई. सेहेचाळीस."

शाळूवरून वारं गेलं. थंडीचा गारवा आणि माथ्यावर कोरडं, लख्ख ऊन. साहेब म्हणाले की काचेला असाच दिवस आवडतो, गार अंग आणि उघडं आभाळ. आप्पांनी मान डोलावली, जसं काही ते हे आधीपासून जाणून होते.

"सत्तेचाळीस! सत्तेचाळीस पॉइंट नऊ!"

"आता माजा अठ्ठेचाळीस आला, थांबव तिथंच," रुद्रेश ओरडला.

"थांबव काय, ती गिरणी हाय का?" आप्पा उठून उभे राहिले. काठी विसरले. "वाच बाई, वाच."

"अठ्ठेचाळीस पाच… एकोणपन्नास!"

आप्पांनी पटका काढून हवेत फेकला. तो शाळवात जाऊन पडला आणि गायत्रीला हसू आवरेना. श्रीशैलसुद्धा हसला. पन्नास वर्षं ज्या माळावर बैल बसायला नको म्हणत होता, त्या माळावरनं आता गावंच्या गावं उजळतील एवढं काहीतरी तारेनं निघालं होतं, आवाज न करता. शिवरंजनीच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्र-रात्र जागून जोडलेली एकेक वायर तिला नावानं ओळखू येत होती.

मग एक चौकट पिवळी झाली.

"हे काय?" ती पुटपुटली. "सतरा नंबर ओळ. कमी देतीय."

साहेबांनी मान वर केली. "कुंपणाजवळची ना ती?"

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. कुंपणाच्या देखभालीच्या दारातून आत शिरून नीलम्मा कुंपणालगतच्या ओळीपाशी उभी होती. डाव्या कडेवर बिंदगी, उजव्या हातात पळसाची डहाळी; आणि ती दर पावलाला डहाळी आंबिलीत बुडवून काचांवर शिंपडत होती. "व्हलगेऽ, व्हलगेऽ!" दरसाल ही हाळी देत पिकावर शिंपडायची तसंच, त्याच तालात.

"आत्याआज्जी! थांब! तिथंच थांब!" शिवरंजनी धावली.

आठ-दहा काचांवरून ताकाचे पांढरे ओघळ चालले होते. नीलम्मा अजिबात दचकली नाही. "का? ह्यो माळ उपाशी ठेवायचा? पंचेचाळीस वर्षं ह्याला आंबील पाजली. पीक बदललं म्हणून ताट काढून घ्यायचं व्हय?"

मुजफ्फरसाहेब धापा टाकत मागं पोचले. काहीतरी कडक बोलायच्या तयारीत होते. ओल्या डहाळीकडं बघून नरमले. शेवटी म्हणाले, "अम्मा, आत यायला आपल्याला परवानगी लागते. करंट हाय ह्याच्यात. आन् शिंपडायचंच असंल तर बाहेरनं, कुंपणाच्या बुडाशी शिंपडा. काचेला उपास चालतो."

"तुमी म्हणता म्हणून."

"पाण्यानं पुसून घेते मी," शिवरंजनी म्हणाली, आणि आजीला दंडाला धरून बाहेर आणताना तिला इतकं हसू येत होतं की चालवेना. मागून रुद्रेशचा आवाज आला, "आप्पा, तुमच्या बहिणीनं अर्धा मेगावॉट खाल्ला!"

---

काचा पुसून, हात धुऊन शिवरंजनी परत आली तेव्हा पंगत बसली होती. आकडा एकोणपन्नास पॉइंट सहावर जाऊन टेकला होता आणि आप्पा जिंकले होते.

ती बाबांच्या शेजारी बसली. पानात उंडा, भज्जी, वर कच्चं तेल. पहिला घास घेतला आणि तिला आठवलं की आता जेवण होईल, आणि जेवण झालं की विषय निघेल. सकाळपासून ती त्या मोठ्या आकड्याच्या मागं पळत होती. आकडा गाठून झाला होता. दुसऱ्या टप्प्याच्या पाहणीच्या अर्जात एक रकाना होता: कुटुंबाची तयारी आहे का. त्यात "आहे" असा शब्द होता, आणि तो तिच्या अक्षरात होता. हे ह्या रानात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ महिने. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज आप्पा कुंपणापाशी उभे दिसायचे, काचांकडं नातवंडांकडं बघावं तसं बघत, आणि तिची जीभ आत वळायची. आप्पा हो म्हणाले तर अर्जाचं कुणाला कळणारही नाही, असं ती स्वतःला सांगत होती. आप्पा हो म्हणायच्या बेतात होतेच.

"साहेब," आप्पांनी ताकाचा पेला खाली ठेवला, "आता तुमचं बोला."

"मी काय बोलू आप्पा? तुमच्या जबाबाची वाट बघतोय."

"एक इचारू? माळाला आमी मानलं. दगूड होता. पन विहिरीचं रान तुमच्या नजरंत आलंच कसं? सगळीकडं तर म्हणतेत, बागायती सोडून घ्या. आमच्या काळ्या रानावर कुनी बोट ठेवलं?"

साहेबांना प्रश्न साधाच वाटला. भज्जी पुसत ते म्हणाले, "तसं आम्ही काळी जमीन नकोच म्हणतो. पण तुमच्या घरूनच तयारी दाखवली होती की. मी यायच्या आधीची गोष्ट हाय, चैतातली. अर्जात लिहिलेलं हाय, कुटुंब तयार. म्हणून तर नकाशात घेतलं."

आप्पांनी पान पुढं सरकवलं.

"कुनी लिवलं?" आप्पांचा आवाज खाली गेला होता.

"नाव न्हाय बघितलं मी. फाईल हापिसात हाय."

पण नाव बघायची कुणाला गरज वाटली नाही. सगळे श्रीशैलकडं बघत होते. माळाच्या वेळीही विषय त्यानंच काढला होता.

"दादा," रुद्रेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली सकाळची घाई कुठल्या कुठं गेली होती, "मी मूर्खासारखा आप्पांच्या मागं लागलो, देऊन टाका म्हणून. आन् तू आदीच देऊन बसलेला? मला तरी सांगायचंस. मला!"

श्रीशैलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी तो कंबरेला पट्टा बांधून सोलापूरच्या दवाखान्यात पडून होता. तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण शेजारी बसलेल्या पोरीचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला होता, आणि तो थरथरत होता. त्यानं मान वळवून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. लहानपणी ताप चढायच्या आधी तिचा गुडघा असाच थरथरायचा.

"व्हय," श्रीशैल म्हणाला. "म्याच लिवलं."

"कुनाला इचारून?"

"कुनालाच न्हाय."

नीलम्मा विहिरीच्या रानासाठी महिनाभर भांडत होती. आता तिनं श्रीशैलला धारेवर धरायला हवं होतं. रुद्रेशनं तिच्याकडं बघितलंही, आधारासाठी. पण नीलम्मा थोरल्या पुतण्याचा चेहरा निरखत होती. "रेवणसिद्धा," ती भावाला म्हणाली, नावानं, कधी नव्हे ते, "पोराला जेवून तर घेऊ दे."

"तू मधी पडू नको नीला. सकाळपातूर तूच म्हणत हुतीस."

"म्हणत हुते. अजून म्हणते. रान देऊ नको. पन ह्याला बी टाकू नको."

आप्पांना ऐकू येत नव्हतं. हो म्हणायचा आनंद त्यांनी कितीतरी दिवस मनात राखून ठेवला होता, कुणी हातात प्रसाद राखावा तसा. आणि तो त्यांच्या नकळत कुणीतरी आधीच वाटून टाकला होता. दोन वर्षांपूर्वीची सगळी कडू गोष्ट परत वर आली. ते उठले. कोपीकडं पाठ केली.

"श्रीशैल, मला न इचारता रान देतोस, तर मग तुजं घर तू येगळंच मांडलंस. पुढल्या येळवशीला तुजी कोप येगळी घाल."

गायत्रीच्या हातातली पळी पातेल्यात पडली. येळवशीला एका घरच्या दोन कोपी म्हणजे काय, हे कुणाला समजवावं लागत नाही. सबंध शिवार बघतं. त्या दिवसापासून चूल दोन, पंगत दोन, आणि बांधावर दगड पुरला जातो. साहेबांनी खाली बघितलं. एवढ्या मोठ्या निळ्या प्लांटाचे कारभारी होते ते, पण ह्या पानावरून उठायचं कसं ते त्यांना कळेना.

श्रीशैलनं पानातला उंडा उचलला आणि परत ठेवला. बायकोकडं एकदा बघितलं, जसं म्हणावं, होईल सगळं नीट.

शिवरंजनी उभी राहिली. हेल्मेट मांडीवरून घरंगळत हरभऱ्यात गेलं.

"आप्पा, बाबांनी लिहिलं न्हाय."

"गप रंजू," श्रीशैल म्हणाला.

"बाबा, तुम्ही सोलापुरात पट्टा बांधून होता. कसं लिहिणार?" तिनं आप्पांकडं बघितलं. "मी लिहिलं आप्पा. चैतात सर्व्हेवाले आले होते. मला लागून वीस दिवस झाले होते, मी नुसती त्यांच्या मागं पट्टी धरून फिरायची. कुणी मला काही विचारत नव्हतं. त्या दिवशी मोठ्या इंजिनिअरनं पहिल्यांदा माझ्याकडं बघून विचारलं, तू इथलीच ना? सबस्टेशनजवळ सगळ्यात चांगलं रान कुणाचं? सपाट, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ज्याच्यावर सावली पडत न्हाय असं?"

आप्पा वळले होते.

"मी म्हणलं, आमचं. ह्या शिवारात आमच्या विहिरीच्या रानासारखं रान कुणाचं न्हाय. मीच त्यांना बांधावर घेऊन आले. त्यांनी माती हातात घेतली, म्हणले वा. खाली रकाना होता, कुटुंब तयार हाय का. तो रिकामा ठेवला तर दुसऱ्याचं रान यादीत वर जाणार होतं." तिनं मनगटानं नाक पुसलं. "म्हणून मी 'आहे' लिहिलं. द्यायचं होतं म्हणून न्हाय आप्पा. आपलं रान पहिल्या नंबरावर यावं म्हणून."

आप्पा परत येऊन श्रीशैलच्या शेजारी पानावर बसले आणि म्हणाले, "कोप एकच घालायची; आन् साहेब, पहिल्या नंबराचं रान कुनी देत न्हाय."